छातीचा पाठीराखा

विद्येचा इतिहास म्हणजे एकावर एक चढत जाणाऱ्या पायऱ्यांचा जिना होय, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित वर्गांत दृढ झालेली आहे. काल जें ठाऊक नव्हतें तें आज कळलें, आज जें साधत नाहीं तें उद्यां साधेल, आणि एकदां हातीं आलेलें ज्ञान पुन्हां हातचें जाणार नाहीं, असें आपण गृहीत धरून चालतों. आम्हींही पुष्कळ वर्षें विद्यार्थ्यांस इतिहास असाच शिकविला. परंतु जुनीं दप्तरें जसजशीं अधिक चाळावीं, तसतसा हा जिना मोडका दिसूं लागतो. मधल्या कित्येक पायऱ्या एकदां बांधून ढासळलेल्या आणि पुढच्या एखाद्या पिढीनें, त्या पूर्वीं होत्या हें ठाऊक नसतांना, पुन्हां पायापासून बांधलेल्या आढळतात. अशाच एका पायरीची हकीकत आज वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे. विषय शस्त्रवैद्यकांतील आहे व आम्ही वैद्य नव्हों; तेव्हां शस्त्र कसें धरावें हें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण माणसें एखादी गोष्ट कां विसरतात, हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि त्यापुरतें बोलण्यास हरकत नसावी.

या विषयाकडे आमचें लक्ष जाण्यास कारण घरचेंच घडलें. आमच्या एका मावशींवर इ. स. १९७४ सालीं स्तनाच्या कर्करोगासाठीं शस्त्रक्रिया झाली. आम्ही त्या वेळीं नुकतेच शाळेंत जाऊं लागलों होतों. वडील माणसांच्या दबक्या बोलण्यांतून जेवढें कानीं पडे तेवढेंच समजे. पुढें कळत्या वयांत मावशींनीं स्वतःच एकदां सांगितलें, कीं छातीचें सर्व मांस काढून टाकून त्या जागीं मांडीची पातळ कातडी बसविली आहे, तिच्याखालीं एकदम फासळ्या लागतात, आणि उन्हाळ्यांत ती कातडी फुटून चिघळते. उजवा हात सुजून जड झालेला असे. पदर खांद्यावर टांचणीनें पक्का केल्यावांचून त्या कधीं ओसरीवर आल्या नाहींत. मात्र तक्रार त्यांनीं कधीं केली नाहीं. "जीव वाचला, हें काय थोडें झालें?" एवढेंच त्या म्हणत. त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणारा वैद्य कुशल होता आणि त्या काळच्या सर्वमान्य शास्त्राप्रमाणेंच त्यानें सर्व केलें, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. म्हणूनच पुढें जेव्हां आमच्या वाचनांत आलें, कीं मावशींचें हें दुःख ज्या उपायानें टळलें असतें तो उपाय इटलींत इ. स. १९०६ सालीं, म्हणजे अडुसष्ट वर्षें आधीं, छापून प्रसिद्ध झाला होता, तेव्हां आम्ही कांहीं वेळ पुस्तक मिटून स्वस्थ बसलों.

तो उपाय कोणता, हें समजण्यापूर्वीं एक साधा भेद ध्यानांत घेतला पाहिजे. शरीराच्या एका भागावरील कातडी दुसरीकडे नेण्याच्या रीती दोन. पहिलींत कातडीचा पातळ पापुद्रा समूळ काढून जखमेवर पसरतात. हें कलम होय. त्यास स्वतःचें रक्त नसतें. ज्या जागेवर तें बसवावयाचें ती जागा सजीव व रसरशीत असेल तरच तें धरतें. उघड्या हाडावर किंवा मेलेल्या मांसावर तें सुकून जातें, जसें कातळावर लाविलेलें रोप. दुसऱ्या रीतींत तुकडा समूळ तोडीत नाहींत. त्याचा एक देठ मूळ जागीं राखतात व त्या देठांतून वाहणाऱ्या रक्तावर तो जगत असतांनाच त्यास वळवून जखमेवर आणतात. दारचा वेल मांडवावर चढवितांना माळी मूळ उपटीत नाहीं, शेंडा तेवढा हव्या त्या बाजूस वळवितो, त्यांतलाच हा प्रकार. इंग्रजी वैद्यकांत यास फ्लॅप म्हणतात. आम्ही येथें त्यास पदर म्हणूं. कारण एक टोंक अंगाशीं घट्ट आणि दुसरें हवें तेथें ओढून घेतां येणारें, असें दुसरें वस्त्र आम्हांस आठवत नाहीं.

या पदराच्या विद्येंत आपल्या देशाचें ऋण जगानें मान्य केलेलें आहे. सुश्रुतानें गालाच्या कातडीपासून तुटलेलें नाक करण्याचा विधि सांगितला असून मापासाठीं झाडाचें पान घ्यावें असें म्हटलें आहे. पण युरोपांत जी गोष्ट पोंचली ती ग्रंथांतून नव्हे, तर आमच्या पुण्याच्या परिसरांतून. इ. स. १७९२ च्या लढाईंत इंग्रजांच्या फौजेंतील बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हातीं सांपडला; त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. वर्षभर तो तसाच राहिला. पुढें पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्यांच्या जातींतील एका कारागिरानें त्याच्या कपाळाच्या कातडीचें नवें नाक केलें. मेणाचें पातळ पान नाकाच्या जागीं बसवून माप घेतलें, तें कपाळावर पसरून कातडी आंखली, दोन भिवयांच्या मधला देठ राखून ती खालीं वळविली, आणि सुमारें पंचविसाव्या दिवशीं, नवें नाक जागच्या रक्तावर जगूं लागल्यावर, तो देठ कापला. मुंबई इलाख्यांतील दोन इंग्रज शस्त्रवैद्यांनीं ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली. तिचें वर्णन इ. स. १७९४ च्या आक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' मासिकांत छापून आलें, आणि तें वाचून कार्प्यू नांवाच्या शस्त्रवैद्यानें इ. स. १८१४ मध्यें लंडनमध्यें तशी शस्त्रक्रिया करून १८१६ सालीं तीवर पुस्तक लिहिलें. रोग्याचें नांव इतिहासांत राहिलें, पाहणाऱ्यांचीं राहिलीं, वाचून करणाऱ्याचें राहिलें. ज्याच्या बोटांत ती विद्या होती त्या कारागिराचें मात्र नांव कोणीं टिपून ठेविलें नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं मनांत ठेवावी. पुढें तिच्याशीं आम्हांस काम आहे.

नाकाची गोष्ट लहान, छातीची मोठी. छाती ही केवळ भिंत नव्हे. ती भात्यासारखी क्षणोक्षणीं फुगते व मिटते, आणि तिच्या आंत हृदय व फुप्फुसें आहेत. तेथें भोंक पडलें तर तें नुसतें झांकून भागत नाहीं. झांकण जिवंत असावें लागतें, जाड असावें लागतें, हवा रोखणारें असावें लागतें, आणि श्वासाबरोबर हलूनही टिकावें लागतें. एवढा मोठा पदर केवळ कातडीचा घेतला तर त्याच्या शेंड्यापर्यंत रक्त पोंचत नाहीं व शेंडा काळा पडून झडतो. म्हणून पदराची लांबी रुंदीच्या अमुक पटीहून अधिक असूं नये, असा एक नियम शस्त्रवैद्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. कातडीस रक्त नेमकें कोठून येतें, याचा विचार मात्र फारसा कोणीं केला नाहीं. इ. स. १८८९ सालीं कार्ल मँशो नांवाच्या एका जर्मन वैद्यानें मानवी त्वचेच्या धमन्यांचा नकाशाच काढून प्रसिद्ध केला होता. पण तो शारीरविद्येच्या कपाटांत राहिला. शस्त्रवैद्याच्या टेबलापर्यंत आला नाहीं.

आतां आपण इ. स. १८९४ सालीं येऊं. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत विल्यम हॉल्स्टेड नांवाचे मोठे शस्त्रवैद्य होते. त्यापूर्वीं स्तनाची गांठ कापली तरी त्याच जागीं ती पुन्हां उठे. युरोपांतील नामांकित वैद्यांच्याही निम्म्याहून अधिक रोग्यांत असें होत असे. हॉल्स्टेड यांनीं स्तन, त्यावरील पुष्कळशी कातडी, छातीचे स्नायु आणि बगलेंतील गांठी हें सर्व एकत्र काढून टाकण्याची रीत घातली, आणि आपल्या पहिल्या पन्नास रोग्यांपैकीं केवळ तिघींतच जागच्या जागीं रोग उलटला असें दाखवून दिलें. त्या काळीं हें यश अपूर्व होतें, आणि आज त्यांच्यावर टीका करणें सोपें असलें तरी हें श्रेय त्यांचें त्यांस दिलेंच पाहिजे. पण या शस्त्रक्रियेनंतर छातीवर जें उघडें शेत राहत असे त्याचें काय? हॉल्स्टेड प्रथम तें तसेंच भरून येऊं देत. पुढें त्यावर कातडीचें पातळ कलम लावूं लागले. जाड पदर आणून ती जागा झांकणें त्यांस मुळींच पसंत नव्हतें. जखम झांकण्याची सोय हातीं आहे असें वाटलें कीं शस्त्रवैद्याचा हात कापण्यांत कचरतो, आणि रोग पुन्हां उठला तर तो जाड आवरणाखालीं लपून राहतो, अशी त्यांची भीति होती. भीति निराधार नव्हती. पण ती लवकरच सिद्धांत होऊन बसली.

याच सुमारास इटलींत इजिनिओ तान्सिनी हे शस्त्रवैद्य त्याच प्रश्नाशीं झगडत होते. तेही कातडी विस्तीर्ण कापली पाहिजे याच मताचे; पण कापल्यावर रोग्यास तसेंच टाकणें त्यांस मान्य नव्हतें. इ. स. १८९६ सालीं त्यांनीं पाठीवरील कातडीचा पदर बगलेखालून पुढें वळवून छाती झांकण्याची कृति प्रसिद्ध केली. पदर बसे, पण त्याचा शेंडा पुष्कळदां काळा पडून झडे. येथें सामान्य मनुष्य थांबला असता, किंवा पदर आंखूड केला असता. तान्सिनी यांनीं निराळा प्रश्न विचारला: ही कातडी मरते, तेव्हां तिचें रक्त आपण कोठें मागें ठेवून येतों? पाव्हिया येथील विद्यापीठांत शवांवर धमन्या तपासतां उत्तर मिळालें. पाठीच्या कातडीस रक्त कडेनें येत नाहीं, खालून येतें. खालच्या रुंद स्नायूंतून बारीक शाखा वर चढून तिला पोसतात. कातडी स्नायूपासून सोलली कीं त्या शाखा तुटतात, आणि तळें फोडल्यावर कालव्याची जी गत तीच कातडीची होते. मग स्नायु सोलूं नये, कातडीबरोबर तोही उचलावा, हें ओघानेंच आलें. इ. स. १९०६ मध्यें त्यांनीं ही सुधारलेली कृति प्रसिद्ध केली. पदर आतां शेंड्यापर्यंत जिवंत राहूं लागला.

हा स्नायु कोणता, हें आमच्या वाचकांस सांगणें सोपें आहे. मल्लखांबावर चढलेल्या पोराच्या पाठीवर, बगलेपासून कमरेपर्यंत, पंख उघडल्यासारखा जो मांसल विस्तार दिसतो तोच हा. त्याचें एक टोंक दंडाच्या हाडास चिकटलेलें, दुसरें कण्याच्या खालच्या मणक्यांवर व कमरेच्या हाडावर पंख्याप्रमाणें पसरलेलें. त्याचें मुख्य रक्त बगलेंतून येणाऱ्या एका धमनीनें येतें. म्हणून बगलेजवळचा देठ राखला तर उरलेला सर्व पंखा सोडवून छातीवर फिरवितां येतो. बाकीचे स्नायु त्याचें काम बव्हंशीं सांभाळून घेतात, म्हणून नित्याच्या व्यवहारांत रोग्यास त्याची उणीव फारशी भासत नाहीं. दोर चढणें, पोहणें असल्या कामांत मात्र ती जाणवते. आपल्या भाषेंत संकटीं धांवून येणाऱ्यास पाठीराखा म्हणतात. देहानें आपल्या छातीसाठीं खराखुरा पाठीराखा पाठीवर ठेविलेला आहे, ही गोष्ट तान्सिनी यांनीं प्रथम ओळखली.

त्यांच्या एका देशबंधूनें, देस्ते यानें, इ. स. १९१२ सालीं या कृतीचें आणखी वर्णन केलें; दहा-बारा वर्षें ती युरोपांत कांहीं ठिकाणीं चालली, आणि मग विझली. ती निष्फळ ठरली म्हणून नव्हे. तिच्याविरुद्ध कोणीं प्रमाण दिलें, प्रयोग करून खोडून काढली, असेंही घडलें नाहीं. ती केवळ मागें पडली. याचीं कारणें आम्हांस तीन दिसतात. पहिलें, हॉल्स्टेड यांचा दरारा. त्यांची शिष्यपरंपरा अमेरिकेंतील मोठमोठ्या पीठांवर बसली. त्यांच्या शस्त्रक्रियेबरोबर त्यांची पदराविषयींची नावडही गुरुमंत्रासारखी पुढें गेली. दुसरें, भाषा. वैद्यकाची सत्ता प्रथम जर्मन व मग इंग्रजी भाषेकडे गेली, आणि इटालियन मासिकांतलें लिखाण त्या वाचकांच्या दृष्टीस पडेनासें झालें. तिसरें कारण अधिक सूक्ष्म आहे. पहिल्या महायुद्धांत गिलीज वगैरे शस्त्रवैद्यांनीं सैनिकांचे छिन्नविच्छिन्न चेहरे दुरुस्त करण्यासाठीं कातडीची नळी करून ती टप्प्याटप्प्यानें नेण्याची युक्ति काढली. ती इतकी यशस्वी झाली, कीं पदर म्हणजे कातडीचाच, ही दृष्टि पक्की झाली. एका रीतीचें तेज दुसरीवर सावली पाडतें, याचें हें उदाहरण होय.

याच काळांत छातीच्या दुसऱ्या एका रोगांत स्नायूंचा उपयोग स्वतंत्रपणें चालला होता, हें विशेष. छातींत पू होणें हा रोग हिप्पोक्रेटिसाच्या वेळेपासून ठाऊक आहे. पू काढला तरी आंत पोकळी राहते. भोंवतालची भिंत ताठर असल्यानें ती मिटत नाहीं, आणि मनुष्य वर्षानुवर्षें छातींत भोंक घेऊन वावरतो. इ. स. १८७९ सालीं एस्टलँडर यांनीं आणि १८९० सालीं शेडे यांनीं फासळ्या काढून छातीची भिंतच आंत बसविण्याचा उपाय केला. पोकळी मिटे, पण अंग कायमचें वांकडें होई. इ. स. १९११ मध्यें अब्राशानॉफ या रशियन वैद्यानें उलटा विचार केला: भिंत आंत लोटण्याऐवजीं बाहेरचा जिवंत स्नायु पोकळींत घालावा. अमेरिकेंत सॅम्युएल रॉबिन्सन यांनीं पाठीचा तोच रुंद स्नायु या कामीं लाविला. इ. स. १९१८ मध्यें तर अमेरिकन लष्कराच्या छावण्यांत या रोगानें कहर केला. शंभरांतील सुमारें तीस शिपाई दगावत. त्यासाठीं नेमलेल्या मंडळांतील इव्हार्ट्‌स ग्रॅहॅम यांनीं दाखविलें, कीं फुप्फुस अजून सुटें असतांना घाईनें छाती उघडणें हेंच पुष्कळ मृत्यूंचें कारण होतें. ती घाई सोडतांच मृत्यु पुष्कळच उतरले. पण ज्यांची पोकळी जुनी झाली होती त्यांस स्नायूंच्या भरणीवांचून गति नव्हती. म्हणजे एकाच स्नायूची विद्या दोन दालनांत वाढत होती. एका दालनांत तो कातडीस जगवी, दुसऱ्यांत पोकळी भरी. मधलें दार मात्र कोणीं उघडलें नाहीं. पुढें पेनिसिलीन वगैरे औषधें आलीं, छातींतील पुवाचे रोगी कमी झाले, आणि दुसऱ्या दालनांतही वर्दळ थांबली.

इ. स. १९५० सालीं कॅम्पबेल नांवाच्या अमेरिकन शस्त्रवैद्यानें छातीच्या पुढच्या भिंतीचें आरपार भोंक बुजविण्यासाठीं पाठीच्या स्नायूचा पदर आणून त्यावर कातडीचें कलम लाविलें. पण त्या हांकेसही फारशी ओ मिळाली नाहीं. शेवटीं निकड आली ती एका नव्याच बाजूनें. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर रोग उलटूं नये म्हणून क्ष-किरणांचा मारा करण्याची पद्धति रूढ झाली होती. वर्षांनंतर त्या जागेवरील कातडी कागदासारखी होऊन फुटे, खालच्या फासळ्या कुजत, आणि जखम कधींच भरून येत नसे. कलम लावावें तर खालची जमीनच मेलेली. शेजारची कातडी ओढावी तर तीही किरणांनीं भाजलेली. अशा जागीं रक्त दुरूनच आणावें लागतें. जर्मनींतील नेव्हेन ओलिव्हारी यांनीं अशा व्रणांवर पाठीचा स्नायु कातडीसह वळवून आणला व इ. स. १९७६ सालीं तें प्रसिद्ध केलें. सत्तर वर्षांपूर्वीं इटलींत छापलेली कृतीच ती. पण जगानें ती नवी म्हणून वाचली. त्यापूर्वीं १९७० सालीं स्टुअर्ट मिल्टन यांनीं डुकरांवर प्रयोग करून लांबीरुंदीच्या जुन्या नियमास कांहीं आधार नाहीं, आंत धमनी कोणती आहे यावरच पदराचें आयुष्य अवलंबून असतें, असें सिद्ध केलें होतें. त्यामुळें ऐकणारे कान तयार होते. दोन-तीन वर्षांतच स्तनाची पुनर्रचना करण्यासाठीं ही कृति युरोप-अमेरिकेंत सर्वत्र होऊं लागली. इ. स. १९८० मध्यें मॅक्सवेल नांवाच्या अमेरिकन शस्त्रवैद्यानें जुनीं इटालियन मासिकें धुंडाळून तान्सिनी यांचें श्रेय त्यांस परत मिळवून दिलें. तान्सिनी तोंवर कधींच कालवश झाले होते.

आणखी एका क्षेत्रांत या विद्येनें मृत्यूच्या दारांतून माणसें परत आणलीं, तें सांगितल्यावांचून ही हकीकत पुरी होणार नाहीं. इ. स. १९५३ सालीं गिबन यांनीं फिलाडेल्फियांत यंत्राच्या साह्यानें रक्त खेळतें ठेवून हृदयावर शस्त्रक्रिया केली, आणि छातीचें मधलें हाड उभें चिरून हृदयापर्यंत जाण्याचा मार्ग लवकरच राजमार्ग झाला. परंतु शंभरांत एकदोघांच्या त्या हाडांत पू होई. हाड कुजे, तारा सुटत, खालीं हृदय उघडें पडे. जखम उघडी ठेवून भरून येण्याची वाट पाहावी तर एखादे दिवशीं हृदयाची भिंतच फाटून क्षणांत सर्व आटपे. इ. स. १९६३ मध्यें शूमाकर व मँडेलबॉम यांनीं जखम शिवून आंतून औषधी पाण्यानें धुण्याची रीत काढली. तिचा कांहींस गुण आला, पुष्कळांस आला नाहीं. इ. स. १९८० सालीं अटलांटा येथील मॉरिस जुर्किएविच व त्यांचे सहकारी यांनीं निराळाच मार्ग दाखविला. मेलेलें हाड निःशंक काढून टाकावें, आणि त्या खळग्यांत जिवंत स्नायु घालावा. यासाठीं त्यांनीं जवळचेच स्नायु घेतले: जोर काढतांना छातीवर जो फुगतो तो, किंवा पोटाच्या मधोमध उभा असतो तो. या पोटाच्या स्नायूस वरून रक्त देणारी धमनी छातीच्या मधल्या हाडामागूनच उतरते. हृदयास नवी वाट करून देण्यासाठीं तीच धमनी खर्ची पडली असेल, तर मात्र शस्त्रवैद्यास दुसरा स्नायु शोधावा लागतो. देहाच्या जमाखर्चांत एकच रक्कम दोनदां खर्च करतां येत नाहीं.

हाड नसतां नुसतें मांस छातीचें रक्षण कसें करतें, अशी शंका कोणासही येईल. अनुभव असा, कीं लहान भोंकांस स्नायूची जाडीच पुरते. मोठीं असल्यास खालीं कृत्रिम जाळी ताणून वर स्नायु घालतात. अमेरिकेंतील मेयो रुग्णालयाचे आर्नल्ड व पेरोलेरो यांनीं छातीच्या भिंतीच्या पुनर्रचनेच्या ओळीनें पांचशें रोग्यांची हकीकत इ. स. १९९६ मध्यें प्रसिद्ध केली. त्यावरून ही कृति आतां धाडसाची राहिली नसून व्यवहाराची झाली हें दिसतें. स्नायूचा गुण केवळ भरणीचा नाहीं. इ. स. १९८२ मध्यें चँग व मॅथिस यांनीं प्राण्यांवरील प्रयोगांत नुसत्या कातडीच्या आणि स्नायूसहित पदरांत जाणूनबुजून रोगजंतु घातले. स्नायूसहित पदर त्यांपुढें पुष्कळ अधिक टिकला. रक्त मुबलक असलें म्हणजे त्याबरोबर देहाचे शिपाईही येतात व औषधही येतें. जेथें रक्त आहे तेथें लढाई आहे. जेथें रक्त नाहीं तेथें केवळ कूज.

या विद्येचा चमत्कारिक शेवट असा, कीं ती आपल्याच यशानें आतां मागें सरत आहे. इ. स. १९८२ मध्यें हार्ट्राम्प यांनीं पोटावरील कातडी व चरबी, पोटाच्या स्नायूच्या देठावर, स्तनाच्या जागीं नेली, इ. स. १९८९ मध्यें जपानच्या कोशिमा यांनीं दाखविलें, कीं स्नायूंतून वर येणारी बारीक शाखाच तेवढी सोडवून घेतली तर स्नायु जागच्या जागीं ठेवितां येतो. स्तनाच्या पुनर्रचनेंत आज पुष्कळ ठिकाणीं हीच रीत चालते. हॉल्स्टेड यांची विस्तीर्ण शस्त्रक्रियाही मावळली. अमेरिकेंत फिशर यांनीं व मिलान येथें व्हेरोनेसी यांनीं रोग्यांच्या मोठमोठ्या तुलनांतून दाखविलें, कीं थोडें कापूनही बहुतेक स्त्रिया तितक्याच जगतात. पण कुजलेलें हाड, भाजलेली छाती, न मिटणारी पोकळी यांस स्नायूचा पदर आजही लागतोच.

आतां आम्ही आरंभींच्या प्रश्नाकडे वळतों. पुण्याजवळच्या त्या अनाम कारागिराची विद्या जगभर गेली. तान्सिनी यांचें नांव छापलें असूनही त्यांची विद्या बुडाली. याचें कारण ज्ञानाच्या खरेपणांत नाहीं. तें कोणाच्या कानीं गेलें, कोणत्या भाषेंत गेलें आणि त्या वेळीं गादीवर कोण बसलें होतें यांत आहे. कारागिराचें सुदैव, कीं त्याचें काम पाहून कोणीं राजसत्तेच्या भाषेंत पत्र लिहिलें. तान्सिनी यांचें दुर्दैव, कीं त्यांच्या काळचा सर्वांत मोठा शस्त्रवैद्य त्यांच्या विरुद्ध मताचा होता, आणि तो खरोखरच मोठा होता. ढोंगी मनुष्याची चूक फार काळ टिकत नाहीं. थोरांची टिकते, कारण तिच्याभोंवतीं त्यांच्या खऱ्या कर्तृत्वाचें तेज असतें. म्हणून थोरांचें गुणवर्णन करतांनाच त्यांच्या नावडी तपासून पाहणें हें इतिहासकाराचें काम होय. तें न झालें तर त्याची किंमत कोणी विद्वान देत नाहीं. ती देतात कोठल्या तरी ओसरीच्या आड बसलेल्या, पदरास टांचणी लावणाऱ्या बायका.

मावशी आतां हयात नाहींत. त्यांना ही सर्व हकीकत सांगण्याचा योग एकदां आला होता. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतली आणि विचारलें, "म्हणजे पाठीचें मांस पुढें आणून बसवितात म्हणतोस? मग पाठ दुखत नाहीं का रे त्या बायांची?" आम्ही सांगितलें, थोडी दुखते, मग बरी होते. त्या म्हणाल्या, "मग बरें झालें. पुढच्यांना तरी मिळालें." एवढें म्हणून त्यांनीं सवयीनें टांचणी चांचपून पाहिली व त्या स्वयंपाकघरांत गेल्या.